मु. पो. सराई

सराई म्हटलं की मराठी माणसाला आधी लग्न आठवतं. वैशाखातला उकाडा, न मिळणारे आचारी, एकाच दिवशी आलेल्या तीन पत्रिका. रात्रीपुरतं उतरायची सराई आपल्या बोलण्यातून केव्हाच उठून गेली. तिची जागा धर्मशाळेने घेतली, धर्मशाळेची लॉजने. अमृतसरच्या टॅक्सीवाल्या पोराला मी "सराई अमानत खानला जायचंय" म्हणाले तेव्हा मात्र त्याला शब्दाची काही अडचण वाटली नाही. अडचण वाटली ती माझीच. "आंटीजी, वहाँ तो कुछ है नहीं," तो म्हणाला. "पिंड है."

पिंड म्हणजे खेडं. २०१५चा एप्रिल होता, घुमानचं साहित्य संमेलन नुकतंच आटोपलं होतं आणि परतीच्या गाडीला दीड दिवस बाकी होता. बरोबरची मंडळी अटारीला झेंडे उतरवण्याचा सोहळा बघायला निघाली होती. मला पाय आपटणारे जवान आणि टाळ्या वाजवणारी गर्दी एवढ्या उन्हात नको होती. शिवाय माझ्या वहीत कित्येक वर्षांपूर्वी एका पुस्तकातून उतरवून घेतलेली एक ओळीची नोंद होती: ताजमहालाची अक्षरं लिहिणाऱ्याने पुढे एका आडगावी सराई बांधली. गाव अमृतसरपासून जेमतेम तीसएक किलोमीटर, तरनतारन जिल्ह्यात. अशी नोंद वहीत असताना तिथवर येऊन परत जाणं मला जमलं नसतं.

हा माणूस मूळचा शिराजचा. नाव अब्दुल हक. भावाबरोबर इराणातून नशीब काढायला हिंदुस्थानात आला आणि दोघांनीही ते चांगलंच काढलं. भाऊ शहाजहानचा दिवाण झाला, त्याला किताब मिळाला अफझलखान. (हे नाव आलं की आपण सावरून बसतो. पण हा प्रतापगडचा नव्हे. तो विजापूरचा, आणि वीस वर्षांनंतरचा.) अब्दुल हकाचा हात अक्षरात होता. सिकंदऱ्याला अकबराच्या कबरीचा जो भव्य दरवाजा आहे, त्यावरचे १६१३चे लेख त्याचे. १६३२मध्ये बादशहाने त्याला अमानतखान हा किताब दिला आणि मुमताजच्या कबरीवर कुराणातली वचनं लिहिण्याचं काम सोपवलं. पांढऱ्या संगमरवरात काळ्या दगडाची अक्षरं बसवलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, निदान फोटोत तरी. कमानीवर जसजसं वर जावं तसतशी अक्षरं मोठी होत जातात, म्हणून खालून पाहणाऱ्याला ती सारखीच दिसतात. ताजमहाल उभारायला हजारो हात लागले, पण त्या इमारतीवर सही आहे ती एकाच माणसाची. आत, कबरीपाशी, लेखाच्या शेवटी त्याने आपलं नाव आणि साल घातलेलं आहे.

१६३९मध्ये दिवाण भाऊ लाहोरात वारला. त्याला आग्र्याला नेऊन यमुनेच्या काठी पुरलं. ती कबर चकचकीत रंगीत फरश्यांनी मढवलेली, म्हणून तिला आजही 'चिनी का रौजा' म्हणतात. आपण लोणच्याच्या बरणीला चिनी मातीची म्हणतो, त्यातलंच चिनी. भावाच्या मागे अमानतखानाचं दरबारात मन लागेना. तो बाजूला झाला आणि आग्रा-लाहोर रस्त्यावर त्याने ही सराई बांधली. हिजरी १०५०, म्हणजे १६४०-४१. चारेक वर्षांनी तोही गेला. त्याची म्हणून दाखवतात ती कबर सराईच्या बाहेर थोड्या अंतरावर आहे.

आग्र्यात लेख लिहिणाऱ्याला एखादी मशीद बांधायची बुद्धी झाली असती, बाग करावीशी वाटली असती. याला उतारूंच्या रात्रीची सोय करावीशी वाटली. बादशहाच्या लाडक्या राणीच्या उशाशी ज्याने वर्षानुवर्षं अक्षरं मांडली, त्याने शेवटी घोडेवाल्यांसाठी, मीठ-कापडाच्या व्यापाऱ्यांसाठी आणि उंटवाल्यांसाठी इमारत उभारली. मला यात त्याग वगैरे काही दिसत नाही. सराई बांधणं हे त्या काळी पुण्यकर्म होतं आणि नाव राखण्याचा खात्रीचा मार्गही होता. रस्ता वाहता असेल तर नाव रोज शंभर तोंडांत घोळतं.

आणि तो रस्ता वाहता होता. शेरशहाने दर दोन कोसांवर सराई बांधली असं त्याचा चरित्रकार अब्बासखान सरवानी लिहितो. हिंदूंना उतरायची जागा वेगळी, मुसलमानांना वेगळी, आणि दरवाज्याशी पाण्याचे रांजण भरलेले. जहांगीराने १६१९मध्ये आग्र्यापासून लाहोरपर्यंत दर कोसाला मिनार आणि दर तीन कोसांना विहीर करायचा हुकूम दिला. त्या मिनारांतले काही अजून गव्हाच्या शेतात पीक राखायला उभे असल्यासारखे दिसतात. याच वाटेवर जालंधरजवळ नूरजहानने बांधवलेली नूरमहल सराई आहे. दोराह्याची सराई 'रंग दे बसंती'त येऊन गेल्यामुळे तिथली पोरं तिला सिनेमाच्या नावाने ओळखतात. नकोदरजवळच्या सराईचं नाव तर 'दखनी'. नुसतं नाव वाचून आपल्याला उगीचच घरचं कोणी भेटल्यासारखं वाटतं. आपली माणसं इकडे आलीही होती. नामदेव आले ते परत फिरले नाहीत, असं घुमानचे लोक मानतात. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. चारशे वर्षांनी, १७५८च्या वसंतात, रघुनाथराव आणि मल्हारराव होळकर सरहिंदहून लाहोरला पोचले. बखरकार अशा वेळी 'दरकूच दरमजल' लिहून मोकळे होतात. मजल म्हणजे फारसीतली मंझिल, एका दिवसाची चाल. जिथे मजल संपते तिथे सराई. आपण 'मजल दरमजल' म्हणतो तेव्हा एक अख्खा रस्ता आणि त्यावरच्या साऱ्या सराया नकळत बोलून जातो.

गाडी गव्हाच्या शेतांमधून जात होती. बैसाखी आठवड्यावर आलेली, ओंब्या पिवळ्या पडत होत्या. गाव आलं तेव्हा मी सराई शोधत होते आणि पोराने गाडी एका दुकानापाशी थांबवली. "ये रही." समोर दरवाजा होता आणि मी तो पाहिलाच नव्हता, कारण त्याच्या दोन्ही अंगांना घरं, पत्रे, विजेच्या तारा आणि म्हशी होत्या. आपल्याकडे जुन्या गढ्यांचं असंच होतं. गाव इमारतीला चिकटून वाढतं आणि मग इमारत गावात हरवते.

दोन दरवाजे आहेत. पूर्वेकडचा दिल्ली दरवाजा, पश्चिमेकडचा लाहोरी दरवाजा. येणारा एकातून आत यायचा आणि सकाळी दुसऱ्यातून बाहेर पडायचा. मध्ये चौक, चहूबाजूंनी खोल्यांच्या रांगा, आवारात मशीद. मुघल सराईचा हा साचाच होता: बाहेरून किल्ला, आतून चाळ. सगळ्या खोल्या आतल्या चौकाकडे तोंड करून आणि जगाकडे पाठ करून बसलेल्या.

ते बघताना मला आजीच्या गावची धर्मशाळा आठवली. ती अगदी उलटी. काळ्या दगडाचं जोतं, उथाळ्यांवर उभे चार सागवानी खांब, तीन खणांची पडवी, मागे भिंत आणि भिंतीत काजळीने काळे झालेले कोनाडे. पुढची बाजू सताड उघडी. आषाढात पंढरीला जाणारी दिंडी रस्त्यावरून थेट ओट्यावरच चढायची. दार नाही, कडी नाही, कुलूप नाही. वारकऱ्याकडून न्यायचं काय? टाळ, पडशी आणि पायांच्या भेगा. सराईतल्या उतारूकडे मात्र गाठोडी होती, थैल्या होत्या, कर्ज काढून घेतलेला माल होता. ज्याच्याकडे माल त्याला भिंत लागते. इमारतीचा नकाशा वास्तुशास्त्राच्या आधी उतारूच्या गाठोड्यावरून ठरतो, हे मला त्या चौकात उभं राहिल्यावर कळलं. धर्मशाळा फुकट, सराईत मात्र खोलीचं आणि चाऱ्याचं मोजावं लागायचं, हाही फरक आहेच.

संध्याकाळी दरवाजे बंद व्हायचे. निकोलाय मनुची हा व्हेनिसचा प्रवासी अशा सरायांमधून पुष्कळ राहिला, त्याने हे सगळं लिहून ठेवलंय. एकेका सराईत आठशे ते हजार माणसं सहज मावत, शिवाय त्यांचे घोडे, उंट, गाड्या. सकाळी दरवाजा उघडण्याआधी चौकीदार तीनदा पुकारा करायचा: आपापलं सामान बघून घ्या. कोणाचं काही गेलं म्हणाला तर चोर सापडेपर्यंत दरवाजा उघडायचा नाही. हजार माणसं, त्यांची जनावरं, सगळ्यांनी पहाटे निघायची घाई केलेली, आणि एखाद्याचा लोटा हरवलेला! तो लोटा सापडेपर्यंत काय काय बोललं गेलं असेल, याची कल्पना एसटी स्टँडवर वाढलेल्या माणसाला करता येते. फ्रेंच प्रवासी बर्निएला या सराया पसंत नव्हत्या. माणसं आणि जनावरं एकत्र कोंडलेली, मोठी कोठारंच जणू. पण दिल्लीतली शहाजहानच्या मुलीची, जहानआराची सराई पाहून तोही विरघळला आणि अशा वीसेक पॅरिसला हव्या होत्या म्हणाला.

स्वयंपाक भटियारे करायचे. सराईतच राहायचे, भट्टी पेटती ठेवायचे, उतारूच्या खाटेची आणि घोड्याच्या दाण्याची सोयही बघायचे. त्यांच्या बायका हिशेबाला पक्क्या आणि तोंडाला तिखट म्हणून हिंदीच्या बोलण्यात त्यांची नावं अजून टिकून आहेत. आपल्याकडे ते आले नाहीत, पण त्यांच्या भट्टीचं घर आलं: भटारखाना. मोठ्या वाड्यातल्या, फौजेच्या तळावरच्या मुदपाकाला आपण हा शब्द लावला आणि तो कुठून आला ते विसरलो.

लाहोरी दरवाज्यापाशी मी बराच वेळ थांबले. चपट्या, बारीक विटांचं बांधकाम, आणि त्यावर रंगीत चकाकत्या तुकड्यांची नक्षी. हिला काशीकारी म्हणतात. आपल्या काशीशी संबंध नाही, इराणातल्या काशान गावावरून आलेलं नाव. लांबून ते रंगवलेलं वाटतं. जवळ गेल्यावर कळतं की इथे रंग फासलेला नाही, कापून बसवलेला आहे. एकेका रंगाची फरशी भाजायची, तिच्यातून पानाचा तुकडा, देठाचा तुकडा, पाकळीचा तुकडा वेगवेगळा कातरायचा आणि शेजारी शेजारी असा बसवायचा की सांधा नखालाही लागू नये. एका पाकळीत पिवळ्याला लागून नारिंगी, मग निळ्याची बारीक कड. माझ्या डोळ्यांच्या उंचीवर एका ठिकाणी तुकडे गळून पडले होते आणि खालच्या चुन्यात त्यांचे नुसते खळगे उरले होते. गंमत म्हणजे फूल तरीही दिसत होतं. पाकळ्यांच्या जागा रिकाम्या, पण आकार पुरा. दात पडलेल्या आजीच्या हसण्याची आठवण व्हावी, तसं ते फूल होतं. मी बोट फिरवलं. खळग्याची कड अजून धारदार होती.

वर, हात पोचणार नाही अशा उंचीवर, लेख. ताजवर दगडात बसवलेली अक्षरं इथे चकाकत्या फरश्यांत उतरली आहेत. मला फारसी येत नाही, पण सराई बांधणाऱ्यानेच लेख लिहिला आणि त्यात स्वतःचं नाव नि हिजरी साल घातलं, हे मी वाचून गेले होते, म्हणून नाव कुठे असेल ते शोधत होते. ताजवर त्याने सही केली ती बादशहाच्या कामाखाली. इथे नाव आणि काम दोन्ही त्याचंच होतं. त्याच्या बोटांना फरक जाणवला असेल का, हा प्रश्न मला पडला. मग असंही वाटलं की लेखणी हातात घेतल्यावर लिहिणाऱ्याला बहुतेक वेळा फक्त पुढचं अक्षर दिसत असतं.

"उप्पर की वेखदे ओ, बीबीजी?"

मागे एक म्हातारे सरदारजी उभे होते. निळी पगडी, पांढरी दाढी, हातात दुधाची बरणी. वर काय बघताय, असं विचारत होते. मी मोडक्या हिंदीत अक्षरांबद्दल सांगितलं. त्यांनी मान वर करून माझ्याबरोबर थोडा वेळ पाहिलं, जशी आपण पाहुण्यासाठी घरचीच भिंत पाहतो. मग म्हणाले, चला, घर बघा.

घर म्हणजे सराईच्या खोल्यांपैकी दोन. कमानीचं तोंड नव्या विटांनी बुजवून त्यात लोखंडी दार बसवलेलं. आत गेल्यावर गारवा आला, तो जाड भिंतींचा. डोक्यावर घुमटासारखं वळलेलं छत, त्याला निळा चुना. मधोमध ट्यूबलाइट लोंबत होती, कारण असल्या छताला तिला धरायला सरळ जागाच नाही. भिंतीत दिव्याचा कोनाडा होता, अगदी आपल्याकडच्या देवळीसारखा, वरून कमानदार. त्यात मोबाइल चार्जिंगला लावलेला होता आणि मागे गुरू नानकांची तसबीर. बाबाजींची तक्रार इमारतीबद्दल होती आणि ती कुठल्याही भाडेकरूची असावी तशीच. पावसात एका कोपऱ्यातून पाणी झिरपतं. चुन्यात खिळा शिरत नाही, शिरला तर ढेकूळ घेऊन बाहेर येतो. वर मजला चढवावा म्हटलं तर परवानगी नाही. "हे आमचं घरही आणि सरकारचं स्मारकही," असं काहीसं ते म्हणाले. सुनेने लस्सीचा पेला पुढे केला. पेला केवढा, तर आपल्याकडे तेवढ्यात चौघं आटोपतात.

त्यांचे वडील १९४७मध्ये पलीकडून आले होते. पलीकडून म्हणजे कुठून, हे इथे कोणी विचारत नाही. लाहोर इथून सरळ रेषेत चाळीस किलोमीटरच्याही आत आहे. "म्हटलं चार महिने राहू, सगळं शांत झालं की परत जाऊ," त्यांचे वडील म्हणाले होते म्हणे. सामानाच्या दोन ट्रंका बरीच वर्षं बांधलेल्याच ठेवल्या होत्या. मग आईने एकीतली रजई थंडीत काढली.

रस्ता मात्र त्याच्याही आधी निघून गेला होता. इंग्रजांची नवी सडक आणि रेल्वे अमृतसरवरून गेली, तेव्हा ही वाट आडबाजूला पडली. सराईला शत्रूच्या तोफेची गरज नसते, रस्त्याने अंग काढून घेतलं की पुरे. १९४७ने उरलेलं टोकही कापलं. आता लाहोरी दरवाज्यातून बाहेर पडलं की शेतं, मग सैन्याच्या चौक्या, मग तार. दिल्ली दरवाज्यातून दिल्लीला अजून जाता येतं. लाहोरी दरवाज्याचं फक्त नाव लाहोरी आहे. आणि तरी गावातलं कोणी त्याला दुसरं काही म्हणत नाही. आम्ही बसलो होतो तेवढ्यात त्याच दरवाज्यातून एक बाई डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन आत आली. भारा इतका रुंद की कमानीखालून जातानाही तिने सवयीने मान किंचित तिरपी केली. कमान तिच्यापेक्षा कितीतरी उंच होती. हत्तीवरची अंबारी जावी म्हणून बांधलेली.

टॅक्सीवाला पोरगा आत येऊन दोनदा घड्याळ दाखवून गेला. मी बाबाजींचा आणि सुनेचा दरवाज्यापाशी फोटो काढला, कोनाड्याचाही काढला. सुनेला तो कोनाड्याचा फोटो कशाला ते समजेना. तिने तेवढ्यात चार्जर काढून कोनाडा पुसला, मग मला काढू दिला. फोटो पाठवते म्हणाले. पत्ता?

बाबाजींनी सावकाश सांगितला: नाव, वडिलांचं नाव, मग "व्हीपीओ सराई अमानत खान". पंजाबात गावाच्या नावाआधी ही इंग्रजी तीन अक्षरं सगळीकडे दिसतात, दुकानांच्या पाट्यांवर, ट्रॅक्टरच्या मागे. गाव आणि डाकघर. मी वही गुडघ्यावर ठेवून लिहीत होते. रात्री हॉटेलात नोंदी चाळताना पाहिलं, तर पत्त्याच्या दुसऱ्या ओळीला हाताने आपल्याच सवयीने लिहिलं होतं: मु. पो. सराई.